आधी काय तुटावे

त्यांची ओळख मला आधी आवाजाने झाली, आणि तो आवाज त्यांचा नव्हता. तो एका लोखंडी पिनेचा होता.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आमच्या कला महाविद्यालयाचे छत दुरुस्तीला काढले होते आणि संस्थेने मराठीचे तास शेजारच्या तंत्रनिकेतनातल्या एका रिकाम्या खोलीत हलवले होते. खोलीला ग्रीसचा आणि ओल्या खडूचा वास होता. भिंतीपलीकडे काय आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी कविता वाचत होते. तिच्यात पाण्यावर मावळणारा उजेड होता, आणि शेवटच्या ओळीआधी जी शांतता सोडायची असते, ती मी नुकतीच सोडली होती. नेमका त्या शांततेत तो आवाज आला.

ठाक्.

घंटेसारखा तो घुमला नाही, पडलेल्या भांड्यासारखा लोळत गेला नाही. आला आणि संपला. खिडकीच्या काचा शहारल्या, पुढच्या बाकावरच्या मुलीने कानांवर हात नेले, आणि माझ्या हातातले पुस्तक आपोआप मिटले. मी संतापाने शेजारच्या दारात जाऊन उभी राहिले.

आत माणसाहून उंच, हिरव्या रंगाचे एक यंत्र होते. त्याच्याभोवती विद्यार्थ्यांचे कोंडाळे होते, आणि मधोमध सुती साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेली एक ठेंगणी बाई. मनगटावर बांगडी नाही, कोपरापर्यंत तेलाचे डाग, कपाळावर भस्माची पुसट रेघ. माझ्या चेहऱ्यावरचा राग त्यांना दिसला असणारच; पण त्यांनी त्याची दखल घेतली नाही.

"धरा बाई," त्या म्हणाल्या. "गार व्हायच्या आत धरा."

त्यांनी माझ्या तळहातावर बोराएवढा एक तुकडा ठेवला. तो ऊबदार होता. आगीजवळ न गेलेल्या लोखंडाने मुठीतल्या पाखरासारखे ऊबदार असावे, याचा मला असा धक्का बसला की मी भांडायचे विसरले.

"कुणी तापवला हा?"

"कुणीच न्हाई. तुटताना तापतो. जे काय सोसलं, ते असं बाहेर येतं की."

या मगदूम मॅडम. महानंदा मगदूम. पदार्थांचे बल हा त्यांचा विषय, आणि त्या विषयातही शिअर स्ट्रेस हे त्यांचे घर. पिन तीन ठोकळ्यांत ओवली होती, हे मला त्यांनी तिथल्या तिथे दाखवले. यंत्राने मधला ठोकळा खाली ओढला, बाजूचे दोन जागेवर राहिले. पिन दोन ठिकाणी कापली गेली आणि तिचे तीन तुकडे झाले. माझ्या हातात होता तो मधला.

"ताण देऊन तोडली असती, तर हिनं आधी सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "मधे बारीक झाली असती, मान काढल्यासारखी. शिअरमधे तसं दिसत न्हाई. अंगाचा एक थर दुसऱ्यावरनं सरकतो, बाहेरनं बघणाऱ्याला काही कळत न्हाई, आणि मग एकदम." आणि लगेच, त्याच स्वरात, "तुमची पोरं पण आणा की इकडं. कविता काय, दहा मिनिटांनी पण असती तिथंच."

माझा वर्ग आला. मॅडमनी माझ्या हातातले कवितांचे पुस्तक मागून घेतले, टेबलावर आडवे ठेवले आणि वरच्या पुठ्ठ्यावर तळवा टेकून ते हलकेच ढकलले. पाने एकावर एक सरकली; चौकोनी पुस्तक तिरपे झाले.

"हे शिअर. जोर पानावर उभा पडत न्हाई, पानाला घासून जातो. आता तो जोर पानाच्या क्षेत्रफळात वाटून टाका. एका चौरस मिलिमीटरच्या वाट्याला किती आलं? तेवढंच विचारायचं. सगळा विषय त्याच प्रश्नात हाय."

मग पिनेकडे वळून त्यांनी ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले. त्या शिकवत मराठीत, फळ्यावर लिहीत इंग्रजीत, आणि आकडेमोड करीत कानडीत. ओंदु, येरडु, मूरु. आठ मिलिमीटर व्यासाची पिन, म्हणजे छेद पन्नास चौरस मिलिमीटर. साध्या मऊ पोलादाचा एक चौरस मिलिमीटर साधारण तीनशे न्यूटनला हात टेकतो. म्हणजे पंधरा हजार. "म्हणजे पंधरा क्विंटल ऊस," त्या म्हणाल्या. "आणि दोन बाजूंनी धरली असंल तर तीस. दोनदा तुटल्याशिवाय ती सुटत न्हाई."

माझ्या मुलामुलींपैकी कोणीही त्या दिवशी कवितेची शेवटची ओळ मागितली नाही.

परवा त्या गेल्याचा फोन आला, तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती ही तळहातावरची ऊब. माणूस गेल्याचे कळल्यावर चेहरा आठवावा, शब्द आठवावेत. मला लोखंड आठवले.

आमचे छत दुरुस्त झाले, तरी आमची मैत्री टिकली. मैत्री हा शब्दही तसा सैल आहे. त्या माझ्याशी फारसे बोलत नसत. मला सोबत घेऊन वस्तू तपासत. दाराशी आल्या की आत येण्याआधी बिजागरीचे स्क्रू बोटाने दाबून बघत. माझ्या स्वयंपाकघरातली सांडशी त्यांनी एकदा उजेडाकडे धरली, मधल्या खिळ्याकडे पाहून मान हलवली, आणि पुढच्या आठवड्यात नवा खिळा ठोकून परत आणली. झोपाळ्यावर बसायला सांगितले तर आधी वरच्या कड्या न्याहाळत. मला वाटे, भित्री बाई आहे. लोखंडाच्या सहवासात आयुष्य काढून लोखंडावर विश्वास नसलेली.

त्या शिवाजी पेठेत एका फुटबॉल मंडळाच्या कार्यालयावरच्या खोलीत राहत. लग्न केले नव्हते. खाली दिवसभर चेंडू भिंतीवर आपटत, आणि वर त्या पेपर तपासत. मंडळातली पोरे त्यांना पिनमावशी म्हणत.

"मावशी, आमचा सेंटर हाफ कितीला तुटंल हो?"

"त्याला तोडायला यंत्र कशाला? एक आरसा दाखव, बास."

"आणि गोलपोस्ट?"

"गोलपोस्टला कोण हात लावतंय? तुमचा चेंडू तिथवर जातोय कुठं?"

पोरे हसत, त्याही हसत. पण जाता जाता गोलपोस्टच्या बोल्टला पान्याने एक पीळ देऊन जात. त्यांच्या पर्समध्ये पान्याशेजारी मेणकागदात गुंडाळलेले काहीतरी नेहमी असे, पांढऱ्या दोऱ्याने बांधलेले. विभूतीची पुडी असावी, असे मी धरून चालले होते.

त्यांचे एक वाक्य होते. वर्गात, जिन्यावर, बाजारात, कुठेही ते त्यांच्या तोंडून निघे: "आधी काय तुटावं, ते ठरवा." मी ते ऐकून नादाने सुखावत असे. मला ती जवळपास कवितेची ओळ वाटे. ती कशातून आली होती, हे कळेपर्यंत.

त्याआधी सुर्वेच्या शून्याची गोष्ट सांगायला हवी, कारण त्या दिवशी मी त्यांच्यावर खरोखर चिडले होते. सुर्वे हा त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी; पेठेतल्या एका लेथवाल्याचा मुलगा. परीक्षेत प्रश्न होता चाक आणि आस जोडणाऱ्या पिनेचा: पिनेचा व्यास काढा. पुढे दात असलेले बिडाचे चाक होते आणि त्याच्या दाताला किती जोर सोसतो, हे दिलेले होते. सुर्वेने सूत्र बरोबर मांडले, आकडेमोड बरोबर केली, एककेही बरोबर लिहिली. मॅडमनी त्याला त्या प्रश्नात शून्य दिले आणि तो पहिल्या क्रमांकावरून घसरला. प्राचार्यांच्या दालनात त्याची आई पदराने डोळे टिपत बसली होती. मॅडमबरोबर मीही गेले होते, मनातून सुर्वेच्या बाजूने.

"मॅडम, उत्तरात चूक दाखवा मला," प्राचार्य म्हणाले.

"चूक न्हाई सर. पिन कधी तुटणार न्हाई, अशी काढलीय त्यानं."

"मग? चांगलंच आहे की!"

"दाताला किती सोसतं, ते प्रश्नात दिलंय. त्यानं वाचलं आणि सोडून दिलं. ह्याची पिन दातापेक्षा दणकट हाय. उद्या काही अडकलं तर पिन टिकंल आणि दात उडंल. बीड हाय ते. काचेगत उडतं."

"बरं, मग दोन गुण कापा. शून्य कशाला?"

मॅडमचा आवाज त्या क्षणी बदलला. तो मोठा झाला नाही, सपाट झाला. "माणूस कापला जातो सर. गुण कसले कापताय?"

सुर्वेच्या आईचे रडणे थांबले. मॅडमनी पर्स छातीशी घट्ट धरली होती. एका विद्यार्थ्याच्या एका प्रश्नासाठी एवढे? माझा राग तिथेच विझला आणि त्याच्या जागी भीती येऊन बसली. ही बाई परीक्षेबद्दल बोलत नाही, एवढे मला कळले. कशाबद्दल बोलते आहे, ते कळले नाही.

ते कळले भाऊबीजेला.

त्या वर्षी दिवाळीत मी एकटी होते. मॅडम म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर शिरोळला. भावाचं गुऱ्हाळ हाय. हंगाम सुरू झाला की तो घरी येत न्हाई, म्हणून मी तिथंच जाऊन ओवाळते. ताजी काकवी खाल." त्यांनी पितळी तबक, नीरांजन, कुंकू सगळे पिशवीत भरले होते. बसमध्ये त्या खिडकीशी बसून दोन्ही बाजूंच्या उसाकडे पाहत राहिल्या.

गुऱ्हाळ दिसण्याआधी त्याचा वास आला. उकळत्या रसाचा जड, गोड वास, त्यात चिपाडाच्या धुराची कडवट कड. पत्र्याच्या छपराखाली भली मोठी काहील रटरटत होती, पिवळ्या सायीवर बुडबुडे फुटत होते, आणि एका बाजूला चरक चालू होता. डिझेल इंजिनावरून पट्टा एका मोठ्या चाकावर गेलेला, चाकातून दातेरी चाके फिरत, आणि त्यांतून लोखंडी रूळ, जे ऊस आत ओढून घेत आणि पलीकडे कोरडे चिपाड टाकत. चरकाशी एक बाई बसून मोळी सोडून ऊस लावत होती. तिचा चेहरा दातांच्या चाकापासून हातभर अंतरावर होता.

भाऊ काहिलीपाशी उभा होता. बसगोंडा. मॅडमहून धाकटा, पण थोराड दिसणारा. तो वळला तेव्हा मी नकळत एक पाऊल मागे सरले. त्याचा उजवा डोळा नव्हता. पापणी आत ओढली गेली होती आणि गालावरून कानापर्यंत एक व्रण वळत गेला होता.

"या पावणं," तो मला म्हणाला. "बसा की." मग बहिणीकडे न पाहता, "मॅडम पण आल्या व्हय. बसा."

आख्खे कॉलेज त्यांना मॅडम म्हणत असे. त्या शब्दाने इजा करता येते, हे मला त्या दिवशी समजले. त्यांच्या घरात मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. तो म्हणत नव्हता.

पाट मांडला गेला. बसगोंडाची बायको पाटाशेजारी आली; परकरी लेक, गौरी, दाराशी उभी राहून बघत होती. मॅडमनी कुंकू लावले, तांदूळ लावले आणि नीरांजन ओवाळले. ज्योत त्याच्या चेहऱ्यासमोरून फिरत होती. ती एकाच डोळ्यात उमटत होती. दुसऱ्या बाजूला जाताना विझल्यासारखी होई, परत येताना पुन्हा पेटे. मला तिकडे बघवेना आणि नजरही काढवेना.

ओवाळून झाल्यावर त्याने तबकात साडी ठेवली. मॅडमनी ती हाताने बाजूला सारली, पर्समधून मेणकागदाची ती पुडी काढली आणि दोरा सोडला. आत विभूती नव्हती. आठ मिलिमीटरची, मऊ पोलादाची, तेल लावलेली एक पिन होती.

"ओवाळणी नको बसू. एवढी बसव चाकात. तो बोल्ट काढ."

"झालं सुरू," तो म्हणाला. "दर साली त्येच. मॅडम, तुमची पिन तुमच्या कालेजात ऱ्हाऊ द्या."

"बसू, ती बाई बघ कुठं बसलीय. तिच्या तोंडापुढं दात हाय."

"माझ्या पण तोंडापुढंच हुता." तो माझ्याकडे वळला, त्या एका डोळ्याने मला पाहत. "पावणं, तुमास्नी सांगितलं न्हाय व्हय हिनं? ह्यो डोळा हिच्या इंजिनेरिंगचा हाय. हिनंच घेतल्याला."

काहिलीत रस रटरटत होता. मी मॅडमकडे पाहिले. त्या नाही म्हणतील, ओरडतील, रडतील, असे वाटले. त्यांनी शांतपणे पिन पुन्हा कागदात गुंडाळली.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मीच."

परतीच्या बसमध्ये, ऊस ओलांडून ऊन कलत असताना, त्यांनी ते सांगितले. फार थोडक्यात, एखादे उदाहरण फळ्यावर सोडवावे तसे.

त्या इंजिनिअरिंगच्या मधल्या वर्षाला होत्या. चरकाचे मोठे चाक आणि त्याचा आस जोडायला तेव्हा मऊ लोखंडाची पिन असे आणि ती सारखी तुटे. मोळी जाड आली, तुटली. उसात दगड आला, तुटली. चरक थांबे, रस आंबे, आप्पा, म्हणजे वडील, वैतागत. "तू इंजिनेर व्हणार न्हवं? ह्या पिनंचं कायतरी बघ की," ते म्हणाले. वडिलांनी लेकीला मागितलेले ते पहिले काम. तिने ते जीव लावून केले. चाकावरचा जोर काढला, त्याला क्षेत्रफळाने भागले, आणि दीडपट जाड, मिश्र पोलादाची पिन कातून आणली. छेद दुपटीहून अधिक, पोलादही जवळजवळ दुप्पट चिवट. ती पिन तुटली नाही. वडील गावभर सांगत फिरले.

"हंगाम अर्धा झाला," मॅडम म्हणाल्या. "एका मोळीत तोडणाऱ्याचा कोयता राहिला. कुणाला दिसला न्हाई. रुळात गेला. आधीची पिन असती तर तिथंच तुटली असती, चरक थांबला असता, आणि आप्पांनी शिव्या दिल्या असत्या. माझी तुटली न्हाई. मग दुसरं काहीतरी तुटायला लागणारच की. दात उडाला. बसू ऊस लावत होता."

"पण तुमचा हिशेब..."

"बरोबर होता," त्या म्हणाल्या. "आजपण कुठल्याही परीक्षेत पैकीच्या पैकी मिळतील. ती पिन तुटायलाच ठेवलेली होती बाई. आमच्यात कुणालाच ते ठाऊक नव्हतं. आप्पांना वाटलं लोखंड वाईट. मला वाटलं लोखंड वाईट."

त्यानंतर बसगोंडाने चाकातले पिनेचे भोक बोल्ट घालून वेल्डिंगने कायमचे बंद केले. पिनेनेच डोळा नेला, अशी त्याची पक्की समजूत. पिन नाही, तर भानगड नाही. म्हणजे त्या चरकात आता तुटायला मऊ असे काहीच उरले नव्हते. पुन्हा लोखंड आत गेले, की पुन्हा दातच जाणार होता. बहिणीला हे ठाऊक होते. भावाला ते तिच्या तोंडून ऐकायचे नव्हते. आणि दर हंगामात त्या दातासमोर कोणी ना कोणी बसत होते.

मी बसच्या खिडकीची थंड दांडी धरून बसले होते. इतकी वर्षे जी ओळ मी नादासाठी ऐकली होती, तिच्यात एक डोळा होता.

त्यानंतरच्या वर्षांत मी त्यांना वेगळ्या नजरेने पाहू लागले, आणि त्यांनी मात्र काहीही वेगळे केले नाही. थंडी सुरू झाली की रविवारी त्या बस पकडून कुठल्या तरी गुऱ्हाळावर जात. अनोळखी माणसांशी वाद घालत. "पावणं, ह्या बोल्टाऐवजी ही घाला. तुटली तर मला शिव्या द्या, दुसरी देते." काही हाकलून देत, काही हसत, काही घालून घेत. पिना कातून देत असे सुर्वे, ज्याला त्यांनी शून्य दिले होते. वडिलांच्या लेथवर आता तोच बसत होता. प्रत्येक खेपेतली एक पिन तो त्यांच्या यंत्रावर तोडून बघायला आणी, आणि ती ठरल्या जोराला तुटली की मॅडम त्याच्या पाठीवर थाप मारत.

पुष्कळ चरकांत त्यांची पिन बसली. शिरोळच्या त्या एका चरकात बसली नाही. दर भाऊबीजेला त्या जात, ओवाळत, पुडी सोडत, आणि पुडी बांधून परत येत. एकदा मी विचारले, "तो कधीच ऐकणार नाही, असं नाही वाटत?"

"वाटतं की," त्या म्हणाल्या. "म्हणून काय पिन न्यायची न्हाई?"

मी त्यांना अखेरचे पाहिले तेही भाऊबीजेलाच. नवे शतक लागून काही वर्षे झाली होती. त्या निवृत्त झाल्या होत्या. केस पांढरे, गुडघे दुखरे. मी पुढे मुलाकडे परगावी गेले आणि मग फक्त फोनवरचा आवाज उरला. त्या वर्षी मात्र त्यांच्या पिशवीचा एक बंद माझ्या हातात होता.

छपराखाली शिरताच त्या थबकल्या. चरकाशी गौरी बसली होती. परकरातली पोर आता ओढणी कमरेला बांधलेली तरुणी झाली होती. माणसे मिळेनात म्हणून तीच ऊस लावत होती. वेणी पाठीवर, चेहरा पुढे वाकलेला, आणि समोर हातभर अंतरावर ते दात फिरत होते.

त्यांनी ओवाळले. ज्योत पेटली, विझली, पेटली. ओवाळून झाल्यावर त्यांनी पर्सला हात लावला नाही. बहुधा बळच उरले नव्हते. बसगोंडा पाटावरून उठला नाही. तो लेकीकडे पाहत होता.

"पिन आणलीस?" तो म्हणाला.

मॅडमनी पर्समधून पुडी काढून त्याच्यापुढे धरली.

"बोल्टाचं वेल्डिंग मी सकाळीच कापलंय. आता नुसता उपसायचा." तो उठला. "पर मला तुटल्याली दिसाय पायजे. कागदावर न्हाय. हितं."

इंजिन थांबवून त्याने बोल्ट उपसला आणि पिन स्वतः बसवली. मग छपराच्या वाशात खोचलेला एक गंजका कोयता उपसला, आणि सगळ्यांच्या देखत तो एका मोळीच्या पोटात घातला. त्याच्या बायकोच्या तोंडून अस्फुट किंकाळी निघाली. त्याने गौरीला दंडाला धरून उठवले, गड्यांना चिपाडाच्या गंजीमागे पिटाळले, मलाही. सुक्या चिपाडाचा गोडसर वास नाकात भरला होता. मॅडम मात्र चाकाशेजारीच उभ्या राहिल्या.

"मागं जा की," तो खेकसला.

"पिन माझी हाय," त्या म्हणाल्या.

इंजिन पुन्हा चालू करून लांब बांबूने त्याने मोळी पुढे सारली. रुळांनी ती पकडली. रस पांढरा फेस घेऊन धावला, ऊस करकरत आत गेला, आणि मग लोखंडाने लोखंड चावले. पट्टा किंचाळला. इंजिनाचा आवाज खोल खोल बुडत गेला, छपराचे पत्रे थरथरले, ते दातेरी चाक उभ्या जागी कण्हू लागले.

"अक्का!" बसगोंडा ओरडला. "अक्का, मागं सर!"

ठाक्.

आला आणि संपला. रूळ थांबले होते. मोठे चाक एकटेच मोकळे फिरत राहिले, हलके, भार उतरल्यासारखे. रुळांमध्ये अर्धा गिळलेला, वाकलेला कोयता दिसत होता आणि त्याच्यावरून रस थेंबथेंब गळत होता. मग बसगोंडा पुढे झाला, इंजिन बंद केले, आणि दातेरी चाकाच्या प्रत्येक दातावरून बोट फिरवत गेला. शेवटच्या दातापर्यंत. मग तिथेच, चाकावर कपाळ टेकून उभा राहिला.

मॅडम गुडघ्यावर हात देऊन वाकल्या. जमिनीवरच्या चिपाडातून त्यांनी काहीतरी उचलले आणि गंजीपाशी माझ्याकडे आल्या. माझा हात धरून त्यांनी तो तुकडा तळहातावर ठेवला. तो ऊबदार होता. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

"तुटली."